लूमच्या खटखटीत लावलेलं टायमिंग

अन्याय माझ्या आत्यावर झाला. होळीच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, भिवंडीत, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला पाठ लावून बसलेल्या एका गॅरेजात. हे आधीच लिहून ठेवते, कारण नंतर जो तो म्हणायला लागला की असं काही झालंच नाही.

आत्या अंबाडीकडच्या गावातून जुन्या पेट्रोल पिकअपमध्ये भाजी घालून भिवंडीला आणते. आतोबा गेल्यापासून गाडी तीच चालवते. तिच्या दिराला हे खुपतं. कागदावर गाडी दोघा भावांची, म्हणून तो अधूनमधून भंगारवाल्याला घेऊन दारात उभा राहतो. या वेळी त्याने सगळ्या आळीसमोर सांगितलं होतं, "होळीच्या बाजाराला अडली, का गेली भंगारात."

त्या मंगळवारी मिस्त्रीने टायमिंग लावलं. टायमिंग म्हणजे स्पार्क नेमका कधी पडायचा ते. इंजिनावरचा डिस्ट्रिब्युटर जरा इकडे फिरवला की स्पार्क लवकर, तिकडे फिरवला की उशिरा. पुलीवर त्यासाठी खूण असते, पण या गाडीची खूण कधीच गंजून गेली, म्हणून मिस्त्री कानाने लावतो. आणि कानात काय, तर भिंतीपलीकडचे लूम. इंजिन तरतरीत वाजेपर्यंत त्याने डिस्ट्रिब्युटर फिरवला, नट आवळला, बॉनेट आपटलं आणि म्हणाला, "ले जाओ भाभी, मख्खन."

गावाच्या चढाला मख्खनमधून टकटक सुरू झाली. स्पार्क फार लवकर पडत होता. पिस्टन वर येतोय न येतोय तोच त्याच्या डोक्यात दणका. असंच चाललं तर पिस्टन फुटतो, हे आत्याला आतोबांच्या वेळेपासून माहीत. मला बरोबर घेऊन ती दुसऱ्या दिवशी परत गॅरेजात.

गॅरेजात टकटक नाही. असली तरी ऐकणार कोण?

"गाडीत काहीच नाय," मिस्त्री म्हणाला.

"चढाला वाजतंय," आत्या म्हणाली.

"मग चढाला नका नेऊ."

मी त्याला ग्राहकाचे हक्क सांगायला घेतले. निम्मे लूममध्ये गेले. शेवटी तो एवढं कबूल झाला की लाइट गेली, लूम थांबले, की परत कान लावतो. आम्ही बाकड्यावर बसलो. समोर शटरवर आमच्या मोर्चाचं, मी स्वतः चिकटवलेलं पत्रक होतं: एक मिनिटही वीज जाता कामा नये. एरवी दिवसातून हवी तितकी जाणारी लाइट त्या दिवशी हलली नाही.

"तुझं पत्रक वाचलं वाटतं कोणी," आत्या म्हणाली. "बघ, आता काढून घेता येतं का."

मी कारखान्यात जाऊन जरा वेळ लूम थांबवा म्हणून विचारलं. कारागिरांना मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, थांबलं की त्यांचंच नुकसान. एकाने मला ओळखलं. "मॅडम, आप ही का पर्चा है ना?" सगळी रांग हसली. त्यांचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि गाडी तशीच.

मग आत्याने मिस्त्रीला गाडीत बसवलं. शांत जागा शोधायला निघालो. पुढच्या गल्लीत लूम. त्याच्या पुढे लूम. गोदामांच्या रस्त्याला रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकांची पीपी. असं करत खारबावच्या पुढे, खाडीच्या बांधावर चढणाऱ्या रस्त्याशी आलो, तेव्हा कुठे आवाज संपले. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"भाभी, हिच्यात एवढे आवाज आहेत?"

त्याला पट्टा ऐकू आला, टॅपेट ऐकू आले, कुठलासा सैल पत्रा ऐकू आला. आयुष्य लूमशेजारी काढलेला माणूस, इंजिन पहिल्यांदाच एकटं ऐकत होता. "ये सब पहले से था?"

"तू पयल्यापासून व्हतास ना तिथं, तूच सांग," आत्या म्हणाली.

पाना हातात धरून तो नुसता उभा. म्हणाला, असं सुनं सुनं असलं की हात चालत नाही. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, कुछ बजाओ ना."

मी मोर्चात थाळ्या वाजवल्या आहेत, तर त्याचाच पाना घेऊन मागच्या फाळक्यावर खटाखट सुरू केली. तो डोळे मिटून ऐकत राहिला. "ये लूम नहीं है, ये तो लोहार है." मी चाल बदलली. बांधावरून सायकलवर जाणारे एक गृहस्थ उतरून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, कुठल्या पक्षाचं आहे.

आत्याने माझ्या हातातून पाना काढून घेतला. "दोघंबी बसा गाडीत."

मिस्त्रीला शेजारी बसवून तिने गाडी वरच्या गिअरमध्ये, इंजिनावर मुद्दाम जोर पाडत चढावर घातली. टकटक. "आता?" तिने विचारलं. मिस्त्रीने खाली उतरून डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला. परत चढ. टकटक कमी. परत केसभर. मग गाडी बांधावर चढली ती नुसत्या इंजिनाच्या आवाजात, आणि मिस्त्रीने कोणी विचारायच्या आत मान हलवली.

त्याला सोडायला गॅरेजात गेलो. लूम चालू. उतरताच त्याने सवयीने बॉनेटला कान लावला, कपाळाला आठी घातली. "सुस्त झाली, भाभी. थोडं पुढे घेऊ." आणि पाना काढला.

आत्या बॉनेटवर चढून बसली. बाजारचं लुगडं, मांडी घालून. "आता लाव हात."

होळीच्या बाजाराला गाडी भाजीने भरून गेली आणि रिकामी होऊन आली. गावाचा चढ बिनबोभाट चढली. दीर ओट्यावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "कालपर्यंत वाजत तरी व्हती. आता आवाजच न्हाय. म्हंजे गेलीच." भंगारवाल्याला त्याने परत सांगावा धाडला आहे.

म्हणून तुम्हाला, हे वाचणाऱ्याला, सांगते. अंबाडीच्या रस्त्याला राहत असाल तर पहाटे बाहेर या, आत्याच्या गाडीला हात करा, तिच्या शेजारी बसून तो चढ चढा आणि काय ऐकलं ते दिराच्या ओट्यावर जाऊन मोठ्याने सांगा. लांब राहत असाल, तर निदान तुमच्या मिस्त्रीला गॅरेजातून उठवा, गाडीत बसवा आणि चढावर न्या. तोवर कोणाचीही गाडी भंगारात काढायची भाषा करू नका.