चाळीसचा आकडा

तापबाईंना कारखान्यात खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याला वीस वर्षं तरी झाली असतील. यंत्रातल्या चिपच्या पोटात किती ताप चढेल हे काढायचं आणि तो मर्यादेत असेल तर कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. रोगी नखाएवढा, काळा, मुका. आत थर्मामीटर जात नाही. मग गणित मांडायचं: चिप किती वॅट खाते, दर वॅटला किती अंश चढते आणि भोवतालची हवा किती गरम. गुणायचं, मिळवायचं. उत्तर एकशे पंचवीसच्या आत आलं की सुटलो.

सव्वीस वर्षं हेच. डोळे गेले, मान गेली, हौस तर कधीच गेली. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि बाईंना फक्त झोपायचं होतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणजे तेही कठीणच.

त्या दिवशी एक यंत्र परत आलं. श्वास अपुरा पडणाऱ्यांना झोपेत हवा पुरवणारं, उशाशी ठेवायचं. तक्रार अशी की तासाभराने बंद पडतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं. चिप असह्य तापली की स्वतःच गप्प बसते आणि निवली की पुन्हा कामाला लागते, हे बाईंना पाठ होतं.

त्यांनी चिपच्या डोक्यावर तापमान मोजणारी केसासारखी बारीक तार चिकटवली, यंत्राची डबी बंद केली, ते चाचणीच्या गरम कपाटात ठेवून पस्तीस अंश लावले आणि स्टुलावर बसून राहिल्या. आकडा एकशे चौतीसवर गेला आणि यंत्र बंद पडलं. हे नुसतं डोकं. पोटात आणखी पाचसहा अंश धरा. मग त्यांनी जुना कागद काढला. त्यावर पंचाण्णव लिहिलं होतं आणि खाली सही बाईंचीच होती.

चूक शोधायला फार खोदावं लागलं नाही. दर वॅटला चाळीस अंश हा आकडा चिप बनवणाऱ्यांनी ती तळहाताएवढ्या पट्टीवर, म्हणजे चिप ज्यावर डकवतात त्या सर्किटच्या तुकड्यावर, बसवून मोजलेला. तिच्यात तांबं ऐसपैस, उष्णता पसरायला जागा. पूर्वी कारखान्याच्या पट्ट्याही तेवढ्याच असत, तेव्हा चाळीस चालून जाई. पुढे यंत्रं आटली, पट्टी काड्यापेटीएवढी झाली आणि चाळीसचे साठ झाले. पण इथली रीत अशी की नवा हिशोब कोऱ्या कागदावर करायचाच नाही. मागचा कागद घ्यायचा, वॅट बदलायचे, तारीख बदलायची. ही रीत बाईंनीच पाडली होती, वेळ वाचतो म्हणून. त्यात हवा धरली खोलीची. चिप काय खोलीत हातपाय पसरून बसते? ती बंद डबीत कोंडलेली, जिथे पन्नास अंश सहज असतात. कंटाळा बाईंचा आणि भोगणार भलतंच कुणी, तेही झोपेत.

बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, उद्याचा माल थांबवा. गेलेली तीनशे यंत्रंही परत बोलवा."

साहेबांनी चष्मा काढला. "एक यंत्र बिघडलं म्हणून? बाई, चार महिन्यांनी सुखाने घरी जाल. कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?"

"ते बिघडलेलं नाही. सगळी तशीच आहेत. गरम खोली मिळाली की बंद पडतील."

"कागदावर सही कुणाची आहे?"

"माझीच."

सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. कसलं काय! नुसती लाज वाटली, आणि पाय दुखत होते ते दुखतच राहिले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फोन उचलून माल थांबवायला आणि गेलेली यंत्रं परत बोलवायला सांगितलं. फोन ठेवून हळूच म्हणाले, "पट्टी लहान झाल्यापासून असे किती कागद केलेत?"

"बासष्ट."

"सगळ्यांत चाळीसच?"

"असणार. प्रत्येक यंत्र उघडून, तार लावून बघावं लागेल."

"आणि हे तुमच्याशिवाय येतं कुणाला?"

इतक्या वर्षांत दुसरं कुणी तयार करायचं राहूनच गेलं होतं. बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"निवृत्तीचं विसर आता. निदान दोन वर्षं तरी."

"अगं, पण आईचं कसं करायचं? एवढं ठरलं होतं आपलं! कुणी अडवलं तुला?"

"मीच," बाई म्हणाल्या.