उमरठ–महाडची पाटी

प्रमोदिनीबाईंशी वाद घातल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. महाडच्या एसटी स्टँडसमोर आमची बेकरी आहे. गल्ल्यावर मी, आत भट्टीकडे माझे यजमान चिंतामणी, आणि वेळीअवेळी डोकं खायला या बाई. गतिमंद मुलांच्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसतील तर शपथ. शाळा संपली की ही मुलं घरातच बसून राहतात, हे त्यांना बघवत नाही. म्हणून दारोदार फिरून त्यांना नोकऱ्या मिळवून देतात. एका गेटवरून घालवलं की दुसऱ्या गेटवर हजर.

गेल्या वर्षी त्यांनी उमरठचा विनीत आणला. विशीतला, अंगानं दणकट. शिकवलेलं सावकाश कळायचं, पण कळलं की पक्कं. टोस्टची पाकिटं भरण्यात त्याचा हात छान बसला. आता नोकरी पक्की करायला ह्यांची अट एकच होती : त्यानं रोज एकट्यानं यायचं. बाईंनी आणलेल्या आधीच्या मुलाला त्याचे वडील सोडायचे. ते आजारी पडले आणि ऐन गणपतीत आमचं काम अडलं होतं. विनीतच्या आईची, प्रयागबाईंची, अट त्याहून कडक.

"पोर येकदा जरी चुकला ना, तर परत घराभाईर नाय काढायची मी त्याला. आदीच सांगून ठेवते, बाई."

बाईंनी ते मान्य केलं. मला त्यांचा रागच आला, एवढी जोखीम घेतात का?

त्या कित्येक दिवस विनीतबरोबर एसटीनं ये-जा करत होत्या. आधी शेजारी बसून, मग मागच्या सीटवरून नजर ठेवून. 'उमरठ–महाड' ही पाटी त्यांनी त्याच्याकडून घोटून घेतली. दुसरी कुठलीच गाडी नाही, हीच. वर गावात घरोघर जाऊन सांगितलं, "त्याला कुणी मदत करू नका." गाव चक्रावलं. अशा पोराला हात देऊ नका म्हणणारी मास्तरीण त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

एकट्यानं यायच्या दिवशी बाई सकाळीच आमच्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या. समोर उमरठची गाडी लागली. माणसं उतरली, रिकामी गाडी मागे वळली. विनीत नाही. बाई रस्ता ओलांडून धावल्या, गाडीत चढून प्रत्येक सीट पाहून आल्या. त्यांनी विनीतला फोन लावला. उचलला प्रयागबाईंनी.

"फोन हितंच चार्जिंगला ऱ्हायलाय! पोचला नाय काय त्यो?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळानं विनीतच्या मोबाइलवरून परत त्यांचाच फोन. आता त्या एसटीत होत्या, मागच्या गाडीनं निघाल्या होत्या. "सयाजीनं टेंपोत घेतलान त्याला. थांब्यावर बगितलान न् म्हनला, चल, पोलादपूरपावतर सोडतो. मी न्यायला येते त्याला. बस झाला तुमचा काम."

सयाजी वाडीतले वडीलधारे, पोरांचे नाना. भाजीचा टेंपो घेऊन खेडला निघालेले, म्हणजे पोलादपूरला विनीतला उतरवून ते कशेडी घाटाकडे गेले असणार. त्यांचा फोन लागत नव्हता. आणि पोलादपूरला विनीत एसटीतून कधी उतरलेलाच नव्हता. बाई स्टुलावर बसल्या.

"पाटी शिकवली मी," त्या म्हणाल्या, "मोठ्या माणसाला नाही म्हणायला कधी शिकवलंच नाही."

माझ्या डोळ्यांपुढे हायवेवरचे ट्रक येऊ लागले. ह्यांनी आतून येऊन विचारलं, "गाडी काढू? बघून येतो पोलादपूरला." बाई म्हणाल्या, "मागची गाडी येऊ दे." मी त्यांच्यावर ओरडले. पोर कुठे आहे याचा पत्ता नाही आणि यांना अजून परीक्षा घ्यायचीय! बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. मग स्वतःच म्हणाल्या, "काढा गाडी."

हे किल्ली घेऊन पायरी उतरले आणि तिथेच थांबले. समोरून विनीत येत होता. रस्त्याच्या कडेला उभा राहिला, दोन्हीकडे पाहिलं, रस्ता ओलांडला, आत आला. हात धुतले, टोपी घातली.

"उशीर झाला," हे म्हणाले. आवाज कडक करायला गेले, पण जमला नाही.

"नानांनी बशिवला. नाना मोठे हायत, नाय बोलता आला नाय." विनीत धापा टाकत होता. "रिक्षावाला पन बोलवीत व्हता. त्यो बारका व्हता, त्याला नाय बोललो. मंग इचारीत इचारीत स्टँडवर गेलो. महाडच्या लई गाड्या आल्या. आपली पाटी नव्हती."

उमरठची पहिली गाडी तोवर निघून गेली होती. म्हणून तो थांबून राहिला होता, पाटी येईपर्यंत.

"आणि उद्या नाना म्हणाले चल, तर?" बाईंनी विचारलं.

त्यानं बराच विचार केला. "नाय बोलनार. पाया पडनार न् नाय बोलनार."

हे आत वळले आणि पाकिटांचा गठ्ठा आणून त्याच्यासमोर ठेवला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यावर विनीतचं नाव होतं.

"बाई, पोचला काय वो?"

माझं लक्ष समोर गेलं. स्टँडच्या फाटकाशी प्रयागबाई उभ्या होत्या, फोन कानाला, नजर आमच्या दुकानावर. लेक पोलादपूरला त्यांच्याच गाडीत चढला होता. त्याला उतरवून घरी न्यायला त्या उठल्यासुद्धा होत्या. पण त्यानं आपलं आपण तिकीट काढलेलं पाहिलं आणि त्या पदर ओढून मागच्या सीटवर बसून राहिल्या. हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

बाईंनीही त्यांना पाहिलं. विनीतला आई दिसू नये म्हणून त्या काच अडवून उभ्या राहिल्या.

"पोचला. एकटाच आला," त्या म्हणाल्या. "उद्या पाठवाल ना?"

पलीकडे प्रयागबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"त्यो येनारच हाय. मी कोन पाठवनारी?"