कॉलरीतला मोर

तातेराव शिंपी माझ्या शेजारचा. वडीगोद्रीच्या ष्टँडवर माझं चहाचं हॉटेल, अन् भिंतीला भिंत लावून त्याची मशीन. असा हात साऱ्या अंबड तालुक्यात नव्हता. पण बोलणं मापात. लग्न केलं न्हाई. भावानं दोनदा सोयरीक आणली, दोन्ही बारीला यानं मोडली. गावाला वाटलं, काही दोष असंल. कशाचा डोंबलाचा दोष! त्याला बाईची ओढच नव्हती, पुरुषाची होती. असतं एखाद्याचं तसं. मला बराबर कळलं होतं, पण त्यानं कधी सांगितलं न्हाई अन् मी कधी इचारलं न्हाई.

दुष्काळ हटला त्याच्या दुसऱ्या साली जत्रेत चमनकुमारची गायन पार्टी आली. डोळ्यात सुरमा, तेल लावून बसवलेले केस, अन् गळा असा की बस! मधीच पेटी थांबवून तो माईकवर म्हणला, "पुढचं गाणं एकाच माणसासाठी. दुनियेला सांगता येत न्हाई असं ज्याच्या मनात हाय, त्याच्यासाठी." अन् तातेरावकडं बघून हसला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तातेराव मातर बसल्या जागी थिजला. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी वळखलं होतं.

तिथून गडी बदललाच. मशीन चालवता चालवता गुणगुणून राह्यला. चमनकुमारसाठी त्यानं गुलाबी रेशमी सदरा शिवला. कॉलरीच्या आत, वरून दिसणार न्हाई असा, निळ्या दोऱ्याचा इवलासा मोर काढला. मला दाखवताना कानापर्यंत लाल झाल्ता.

"अक्का, हा फक्त त्याच्यासाठी हाय. कुणापाशी बोलू नका." अन् पार्टीच्या पुढच्या मुक्कामाला जाऊन देऊन आला.

पुढच्या जत्रेला पार्टीचा म्यानेजर माझ्याकडं चहाला बसला. खुशीत होता. "बाई, हर गावात असला एखादा एकटा गडी असतोच. आमचा चमन त्याच्याकडं बघून तेवढं एक वाक्य म्हणतो, की झालं! बक्षीस, कपडे, कोंबडीचं जेवण. बायापोरांपेक्षा हेच गिऱ्हाईक पक्कं."

माझं डोकंच सणकलं. "चहा ढोस अन् चालता हो," म्हणले. तशीच उठून तातेरावकडं गेले, सगळं सांगितलं. तर तो माझ्यावरच उलटला! "तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच न्हाई, अक्का." पार दिवाळीपर्यंत माझ्या चहाला शिवला न्हाई.

त्याचा चहा परत सुरू झाला त्याच हप्त्यात शहागडहून मच्छिंद्र म्हणून एक जण आला. तिथं हायवेला ट्रकांचे पंक्चर काढायचा. नखात काळं, पण अंगावर इस्त्रीचे कपडे. मी तातेरावला कप द्यायला गेल्ते, तिथंच उभी होते. मच्छिंद्रनं नवं रेशमी कापड काढलं, अन् मापासाठी जुना सदरा. जुनाच कपडा मापाला आणायची आपल्याकडं रीतच हाय.

गुलाबी सदरा.

"चमनकुमारसाठी शिवायचाय," मच्छिंद्र खालच्या आवाजात म्हणला. "हा त्याच्याच अंगावरचा. निशाणी म्हणून दिला मला. कॉलरीत मोर हाय बघा. माझ्यासाठी खास काढून घेतला म्हणे. नव्यात पण तसाच काढा. आमच्या शिंप्याला असलं बारीक काम जमत न्हाई, त्यानंच तुमचं नाव सांगितलं."

तातेरावनं कॉलर उलटून बघितली. आता हा बोलंल, आता बोलंल, म्हणून मी श्वास धरून उभी. तो एवढंच म्हणला, "काम चांगलंय. गुरुवारी या."

गुरुवारी सदरा तयार. मोर पहिल्यापेक्षा देखणा. मच्छिंद्र बघतच राह्यला. मंग जरा घुटमळला. "चला की जाफराबादला. परवा पार्टी हाय तिथं. मी दर बारीला एकटाच जातो. बोलायलासुद्धा कुणी नसतं."

"मला गाण्यातलं काही कळत न्हाई," तातेराव म्हणला. जुना सदरा नीट घडी करून त्याच्या हातात दिला. "सांभाळून ठेवा."

ष्टी आली, मच्छिंद्र गेला. मला दम निघंना. "अरे येड्या! सांगायचं होतंस त्याला. तुझ्यासारखाच जीव तो! दोघं एकाला दोन झाले असते."

"सांगितलं असतं, तर त्याचा मोर गेला असता, अक्का."

"अन् तुझं काय राह्यलं रे?"

त्यानं पायानं मशीन चालू केली. सुईखाली कापडच नव्हतं.