वांग्याच्या बियांचं थेट प्रसारण

जळगावच्या एका छोट्या रेडिओ केंद्रात मी चार वर्षं हवामान आणि हरवलं-सापडलं वाचत होते. पारोळ्याच्या बाजारातून पळालेली काळी शेळी, धुळ्याच्या बसस्टँडवर राहिलेला स्टीलचा डबा, असल्या गोष्टी मी इतक्या गहिवरून वाचायचे की एकदा शेळीवाल्यानंच फोन करून माझं सांत्वन केलं होतं.

गुरुवारी सकाळी अर्ध्या तासाची थेट मुलाखत असायची. कधी राजकारण, कधी नाटक, कधी विज्ञान, कधी नुसतीच गावगप्पा. ती घेणारे गृहस्थ पुण्याला गेले आणि खुर्ची रिकामी झाली. केंद्राच्या प्रमुखांना आम्ही नाना म्हणायचो. ते मला म्हणाले, "एक गुरुवार करून दाखव. जमलं तर कार्यक्रम तुझा. नाही जमलं तर शेळ्या आहेतच."

त्या गुरुवारी विज्ञानाची पाळी होती, आणि पाहुण्या होत्या पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या अक्का. भरताच्या वांग्याचं घरचं बी त्या चाळीस वर्षं राखून होत्या. शेतकी कॉलेजची मुलं वह्या घेऊन त्यांच्याकडे जायची.

मी राहायला धुळ्यात. सकाळच्या एसटीनं निघाले, पारोळ्याला अक्का चढल्या आणि नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. कुठे निघालात विचारलं आणि ओळख पटली. आता खानदेशात शेजारच्या माणसाशी न बोलता दीड तास काढणं म्हणजे भांडण झाल्याची खूण. त्यात मला तो कार्यक्रम इतका हवा होता की माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. झाडावरचं कुठलं वांगं निवडता, खुणेला काय बांधता, बी धुता कसं, ठेवता कशात, मी सगळं विचारलं. अक्कांनी सगळं सांगितलं. एरंडोलपर्यंत मागच्या तीन बाकांवरची माणसं पुढे झुकली होती आणि कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून मध्येच शंका विचारत होता. जळगावला उतरताना मी हवेत होते. म्हटलं, अशी तयारी कुणी केली नसेल.

स्टुडिओतला लाल दिवा लागला. मी गळ्यात मध घालून विचारलं, "अक्का, वांग्याचं बी तुम्ही कसं राखता?"

अक्का अगदी मायेनं म्हणाल्या, "ते तं मी तुले एसटीमाच सांगी दिधं."

काचेपलीकडे नानांनी चष्मा काढला. मी घाईनं दुसरा प्रश्न टाकला, झाडावर खूण कशी करता? "तेबी सांगी दिधं," अक्का म्हणाल्या. "इतली शिकेल पोर, अन ध्यानमा काहीच नही ऱ्हात?"

मला हसू फुटलं. भीतीनंच फुटलं असणार, पण फुटलं आणि थांबेना. अख्ख्या खानदेशात माझं फिदीफिदी ऐकू जात होतं. अक्कांचंही खरंच होतं, एकदा सांगितलेलं त्याच माणसाला त्याच सकाळी पुन्हा कोण सांगतं? मी म्हटलं, "अक्का, मीच सांगते. चुकले तर धरा." आणि ठोकून दिलं, "बी काढायचं आणि कडक उन्हात वाळवायचं."

"उन्हमा? बी भाजनं शे का तुले?"

मग काय, धरणाचं दार उघडलं. सावलीत वाळवायचं, पाण्यावर तरंगेल ते फेकायचं, राखेत घोळून मडक्यात ठेवायचं, आणि खुणेला लाल दोरा, म्हणजे घरातली माणसं ते वांगं चुलीवर टाकत नाहीत. पहिल्या दोन चुका मी मुद्दाम केल्या. पुढच्या सगळ्या खऱ्या होत्या, कारण बसमध्ये मी ऐकण्यापेक्षा स्वतःवर खूष होण्यातच गुंग होते. अक्का दर चुकीला मला झापत होत्या आणि मी हसत होते. शेवटी अक्काच मला प्रश्न विचारू लागल्या. घरी वांगं लावलंय का? नाही, दुसऱ्या मजल्यावर राहते. मग कुंडी नाही का मिळत तुमच्या धुळ्यात?

"तुले भरीत आवडस ना?" त्यांनी विचारलं.

थेट प्रसारणात खोटं बोलायला हवं होतं. पण हसता हसता माझ्या तोंडून खरं निघून गेलं, "नाही अक्का, लहानपणापासून मी ते भाकरीखाली लपवते."

जळगावच्या रेडिओवर हे कबूल करणं म्हणजे सासरी जाऊन जेवण अळणी आहे म्हणण्यासारखं. धुळ्यात माझी आई रेडिओ लावून बसली होती, तेही तेव्हाच आठवलं. अक्का म्हणाल्या, "मंग तुले समदं सुरुवातपासून सांगनं पडी," आणि अर्धा तास संपला.

बाहेर आले तेव्हा हसून पोट दुखत होतं. गेला कार्यक्रम, हे मला कळून चुकलं होतं, आणि रडूही येऊ लागलं होतं. टेबलावरचा फोन वाजायचा थांबत नव्हता. नाना माझ्याकडे न बघता सरळ अक्कांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "अक्का, लोक तुम्हालाच मागताहेत. पुढचे गुरुवार तुम्ही याल का? समोर कुणाला बसवायचं ते बघू आपण, कॉलेजातले एखादे जाणकार सर मिळतील."

अक्कांनी पदर सावरला. "मी येसु," त्या म्हणाल्या, "पन समोर हाईच पोर पाहिजे. जानकारले काय सांगनं? हिले काहीच समजत नही, हिले सांगाले बरं वाटस."