होळीचं पोर आणि दिवाळीचं चूर्ण

चतुराबाई भातकुलीची सुईण. तीस वर्षांत गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती. कोणत्या सुनेला कधी दिवस गेले, हे तिला तोंडपाठ.

१९५८ साली कौंडण्यपूरच्या जत्रेत एक वैद्य मर्दानी कमजोरीवर गोखरूचं चूर्ण विकत होता. पुरावा म्हणून त्यानं भातकुलीच्याच डोमाजीचं पत्र मोठ्यानं वाचलं: गेल्या दिवाळीला चूर्ण सुरू केलं आणि होळीला मुलगा झाला. जमलेले गडी माना डोलावू लागले.

चतुराबाईचं डोकंच फिरलं. "अरे गधेहो, चार महिन्यांत त शेळीही वित नाही! पोळ्याले म्या त्याच्या बायकोचं पोट पाह्यलं, तवाच तिसरा महिना होता."

वैद्य जराही वरमला नाही. "म्हणूनच त म्हणतो बाई, चूर्ण लय जालीम हाये!"

हशा पिकला आणि पुड्यांवर झुंबड उडाली. बैल घेताना दहादा दात तपासणारे हे शहाणे! चतुराबाई पचकन थुंकली. पुडीनं काही झालं नाही, की हेच मर्द बायकोला वांझ म्हणत चतुराबाईच्याच दारात आणून उभं करणार होते.