दाभणबाईंची शिवण

माझ्या सासूबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. सासऱ्यांनी ती दारात चेंगरून मोडली होती, माझं लग्न व्हायच्या आधी. सासरे गेले तेव्हा सासूबाई रडल्या नाहीत. आठव्या दिवशी दाभण घेऊन शीड शिवायला बसल्या. कोणी विचारलं तर मी हे सरळ सांगते. मारणाऱ्याला लाज वाटली नाही, मग सांगणाऱ्याला का वाटावी?

धक्क्यामागच्या गल्लीत आमचं शिडांचं दुकान. माझा नवरा बाराही महिने बोटीवर, दुकान सांभाळायच्या आम्ही दोघी. दुकान म्हणजे एक लांबलचक खोली, घासून गुळगुळीत झालेली लाकडी जमीन आणि खिडकीशी एक मशीन. कापड जमिनीवर पसरायचं, खडूनं आखायचं, गुडघ्यांवर सरकत कापायचं. साध्या शिवणी मी मशीनवर मारायची. जिथं वाऱ्याचा जोर येतो त्या शिवणी सासूबाई हातानं घालायच्या. तळहाताला चामड्याचा पट्टा, मेण लावलेला दोरा आणि वीतभर लांब दाभण. बोलणंही तसंच टोचणारं, म्हणून धक्क्यावर सगळे त्यांना दाभणबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती.

त्यांचा एक नियम होता. नवं शीड सांगायला येणाऱ्यानं जुनं शीड बरोबर आणायचंच. मग त्या ते जमिनीवर पसरायच्या आणि मालकासमोर वाचायच्या. हो, वाचणं हाच त्यांचा शब्द. कुठं झिजलं, कुठं फाटलं, चूक वाऱ्याची, कापडाची की होडी हाकणाऱ्याची. हाकणाऱ्याची असली की चारचौघांत त्याची बिनपाण्यानं करायच्या. "दुखणं कळल्याशिवाय औषध कसलं देऊ?" म्हणायच्या. लोक मान खाली घालून ऐकून घ्यायचे, कारण त्यांनी वाचलेलं कधी चुकलं नव्हतं आणि अडतीस वर्षांत त्यांची स्वतःची शिवण एकदाही सुटली नव्हती. बाईजवळ दुसरं होतं काय हो? ना अंगावर सोनं, ना नवऱ्याची माया. ती शिवण तेवढी होती.

आणि मग गेंडा आला.

गेंडा म्हणजे एका छोट्या होडीचा मालक. खांद्यांवर थेट डोकं, मान शोधावी लागायची. आणि हात ऊठसूट बायकोवर उठायचा. त्याची बायको आमच्याकडे दोन वर्षं कामाला होती, हातात कसब असलेली गरीब बाई. एक दिवस ती ओठ फाटलेला घेऊन आली. सासूबाई तशाच उठल्या, धक्क्यावर जाऊन गेंड्याला भर गर्दीत शिव्या घालून आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तिचं घराबाहेर पडणंच बंद केलं. आठवड्यानं कळलं, की त्या रात्री तिच्या दोन बरगड्या गेल्या. सासूबाई तेव्हा फक्त म्हणाल्या, "माझ्या जिभेला हाड नाही, भोगलं तिनं." पुढं वर्षभर तिचं नाव निघालं की त्या विषय तोडून शिवायला बसायच्या.

तर त्या सकाळी गेंड्यानं आमच्या दाराला लाथ घातली. कपाळावर बोटभर लांब जखम, एक डोळा बंद. खांद्यावरचं ओलं शीड त्यानं सासूबाईंच्या अंगावर फेकलं.

"भर वाऱ्यात मधली शिवण उसवली! आडवा वासा फिरला आणि कपाळात बसला. तीन तास पाण्यात होडीला लटकत होतो. तुझ्या शिवणीनं माझा जीव घेतला असता, म्हातारे!"

आरडाओरडा ऐकून दारात गल्ली जमली. सगळ्यात पुढं समोरचा दोरवाला. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "माझी शिवण? बघू तर."

त्यांनी शीड पसरलं, गुडघ्यांवर बसल्या आणि ती उसवलेली रेघ बोटांनी चाचपत गेल्या. मी शेजारी बसून बघत होते. ओढीनं तुटलेल्या दोऱ्याला मिशा फुटतात, तो पिंजतो. इथं दर तिसऱ्या टाक्याचा दोरा सुरीनं कापल्यासारखा, टोक साफ. मधले टाके तेवढे पिंजून तुटलेले. एकाआड एक कापले असते तर शीड धक्क्यावरच उसवलं असतं. तिसरा कापला की लांब जाऊन, मोठ्या वाऱ्यात उसवतं. हे कळायला आमच्याकडे दोन वर्षं काढावी लागतात. गेंड्याच्या घरात तशी एकच बाई होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी तो उसवलेला भाग दुमडून आत घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी शिवण सुटली. दोऱ्याला मेण कमी पडलं. चूक माझी."

गेंड्यानं त्यांच्या कानाखाली वाजवली. त्या आडव्या झाल्या तशी कमरेत लाथ घातली, केस धरून वर ओढलं आणि तोंड जमिनीवर आपटलं. दात पडला तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मी मध्ये पडले तर मला भिंतीवर भिरकावलं. मग त्यानं मशीन उचललं आणि पालथं घातलं. आणि दारातले ते शूरवीर! हाताची घडी घालून उभे. दोरवाला तर पुटपुटला, "चूक कबूल केली ना तिनं, आता काय बोलणार." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"दोन्ही शिडं नवी पाहिजेत. मोठं आणि पुढचं. दहा दिवसांत," गेंडा धापा टाकत म्हणाला. "आणि माझी बायको इथं बसून एकेक टाका बघणार. तुझ्यावर आता भरवसा नाही."

सासूबाई रक्त पुसत उठून बसल्या. "पाठव. जुनं शीड मापाला इथंच राहील."

दुसऱ्या दिवशी ती आली. एवढीशी झाली होती, अंगात जीव नाही. मी दार लावून घेतलं. सासूबाईंनी शिडाचा तो उसवलेला पट्टा तिच्यासमोर धरला. ती पांढरीफटक पडली. आणि सासूबाईंनी काय करावं? खाडकन तिच्या मुस्कटात मारली.

"मारायचा होता तर घरात सुरी नव्हती? माझी शिवण कापलीस? माझी?"

"सुरी त्याच्यावर चालवायची हिंमत नव्हती," ती म्हणाली. "दोऱ्यांवर चालवायची होती."

सासूबाईंनी हातातलं शीड खाली टाकलं. मग त्यांनीच तिला जवळ ओढलं आणि दोघी अशा रडल्या की मी पाठ फिरवून मशीनचे स्क्रू गोळा करत बसले. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत, मला स्वतःलाच रडू येतं.

नंतर सासूबाईंनी शांतपणे विचारलं, जायला जागा आहे का? होती. लांबच्या गावी बहीण, सकाळी आठची बस, दिवसभराचा रस्ता. पण जाणार कशी? शीड होईपर्यंत तो दिवसभर धक्क्यावरच, आणि एरवी गेंडा होडी घेऊन जायचा तो दोन तासांत परत, आणि आल्याबरोबर आधी घरात डोकवायचा. बस निम्म्या वाटेवर असताना त्यानं गाठलं असतं.

"एक अख्खा दिवस पाहिजे," सासूबाई म्हणाल्या, आणि शिवायला बसल्या.

त्या दहा दिवसांत दोन जण दिलेली कामं परत घेऊन गेले. दाभणबाईची शिवण सुटते, अशी हाकाटी धक्काभर झाली होती. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. इथं तर मेल्यांनी मारणाऱ्याचाही धरला नव्हता. सासूबाई खालमानेनं टाके घालत राहिल्या. एकदा मीच हळूच म्हटलं, "आई, दोनचार टाके कच्चे सोडू का? ब्याद जाईल." त्यांनी कात्री फेकून मारली, माझ्या कानाजवळून गेली.

"तोंडानं एकदा खोटं बोलले. हातानं बोलणार नाही!"

दहाव्या दिवशी शिडं घेऊन जायला गेंडा आला. सासूबाईंनी बजावलं, "नवं कापड आहे, वाऱ्यानं ताणून बसलं पाहिजे. उद्या सकाळी उभारायचं ते दिवस मावळेपर्यंत उतरवायचं नाही. मध्येच आलास तर कापड सैल पडून शिडाला पोट सुटेल, मग माझ्याकडे यायचं नाही." कापड बसायला खरं तर दोन तास पुरतात. म्हणजे तोंडानं दुसऱ्यांदा खोटं बोलल्याच. पण शिडाच्या बाबतीत त्यांचा शब्द मोडायची गेंड्याचीही छाती नव्हती. मार खाल्लेल्या बाईच्या कामावर एवढा विश्वास! सकाळी सातला त्यानं शिडं उभारली. आठला मी त्याच्या बायकोला बसमध्ये बसवलं.

दुपारी सासूबाईंनी जुनं शीड बाहेर काढलं आणि दाराकडे तोंड करून जमिनीवर पसरलं. मी म्हटलं, "आई, दार लावून घेऊ. पोलिसात जाऊ." "जाऊ," त्या म्हणाल्या. "आधी काम पुरं होऊ दे."

दिवस मावळला तसा तो आला. हातात वल्हं. मागोमाग गल्ली.

"कुठंय ती?"

"ये," सासूबाई गुडघ्यांवर बसूनच म्हणाल्या. "त्या दिवशी वाचायचं राहिलंय." आणि खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं. "हे बघा सगळ्यांनी. दोऱ्याची टोकं साफ आहेत. तिसरा तिसरा टाका सुरीनं कापलाय. याच्या बायकोनं कापलाय, याच्या माराला कंटाळून. ती आता तुझ्या हाताला लागायची नाही. माझी शिवण सुटली नव्हती. अडतीस वर्षांत सुटलेली नाही!"

वल्हं खाली आलं. त्यांनी उजवा हात आडवा धरला आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला आला. मग मी काय केलं ते ऐका. कोपऱ्यातला लाकडी हातोडा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो खाली आला. दुसऱ्या गुडघ्यावर घातला. तिसरा डोक्यात घालणार होते, खोटं कशाला बोलू, पण दोरवाल्यानं माझा हात धरला. बाकीच्यांनी, देव त्यांचं भलं करो, एकदाचं गेंड्याला धरलं आणि त्याच्याच शिडाच्या दोरानं बांधलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाडाचा चुरा झालाय, या हातानं आता दाभण धरता येणार नाही. सासूबाईंनी ऐकलं. मग माझ्याकडे वळल्या.

"आठची बस वेळेवर सुटली होती ना गं?"

"सुटली, आई. वळणापार जाईपर्यंत मी उभी होते."

"आणि मी वाचलं ते मागच्यांनाही ऐकू गेलं?"

"सगळ्यांना गेलं."

"मग बांधा हो प्लास्टर," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "उगाच काय ताटकळताय."