तांबड्या रेघेवरचं पाणी

रियुनियन बेटावर जायचं माझं ठरलं होतं, ते गुडघ्यांनी मोडलं. डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा प्रवास आणि त्यात ज्वालामुखीची चढण, विसरा. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि जिवंत ज्वालामुखी एकदाही डोळ्यांनी पाहिला नाही, याची मला खरोखर चीड आली. ते बेट म्हणजे हिंदी महासागराच्या तळावरून उठलेला अख्खा ज्वालामुखी आहे. पाण्याबाहेर दिसतो तो नुसता शेंडा. त्याच्या खाली, पृथ्वीच्या पोटात खोल, एक तप्तस्थळ आहे (वितळलेला खडक पुन्हा पुन्हा वर येत राहतो अशी जागा). ते जवळजवळ जागच्या जागी राहतं, वरचं कवच मात्र सरकत जातं. विस्तवावरून पापड हळूहळू सरकवला तर त्याला ओळीनं फोड येतात, तसे समुद्राच्या तळावर ओळीनं ज्वालामुखी उठत गेले. ती ओळ धरून मागे मागे यावं, मॉरिशस, मालदीव, लक्षद्वीप करत, तर ती आपल्या सह्याद्रीपाशी येऊन थांबते, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या विस्तवावर आपण होतो! मग म्हटलं, ओळीचं ते टोक नशिबात नाही तर नाही, हे तरी पाहू. पुण्याहून एसटी धरली आणि महाडला उतरले.

महाडात मावसबहिणीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठरवलेली जीप दारात आली. चालक दिलीप पोलादपूरचा, चाळिशीतला, मुंबईत दहा वर्षं टॅक्सी चालवून परत आलेला. "मॅडम, महाबळेश्वरचे सगळे पॉइंट दाखवतो, टेन्शन घेऊ नका," म्हणाला. मला पॉइंट नकोत, दगड बघायचेत, असं सांगितल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

पहिला थांबा सव गावचा. सावित्रीच्या काठाला गरम पाण्याचे झरे आहेत. एक म्हातारी पाण्यात पाय सोडून निवांत बसली होती. मी उत्साहानं पाय घातला आणि चटका बसून तेवढ्याच उत्साहानं बाहेर काढला.

"हलू घाल गो बाय," ती म्हणाली. "खाली आग हाय."

झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी तिला समजावून सांगितलं की इथे खाली आता ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि पुन्हा वर येतं. ज्या विस्तवानं हे डोंगर घडवले तो आता दूर दक्षिणेला, समुद्राखाली आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आसंल," ती म्हणाली. "पन गुडघ्याला बरा वाटतंय ना?"

वाटत होतं. मी आणखी अर्धा तास बसले.

पोलादपूर सोडून आंबेनळीचा घाट लागला आणि माझी बडबड आपोआप बंद झाली. एप्रिल संपत आलेला, डोंगर वाळलेले, त्यामुळे त्यांची हाडं स्पष्ट दिसत होती. काळ्या खडकाचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी भाकऱ्यांची चवड थेट आभाळापर्यंत गेलेली. एकेक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर. मी फळ्यावर हे थर किती वेळा काढले असतील! पांढऱ्या खडूच्या चार आडव्या रेघा, की झालं दख्खनचं पठार. इथे मान मागे टाकली तरी वरचा थर दिसेना. एका वळणावर जीप थांबवून मी खडकाला तळहात टेकवला. उन्हानं तो चांगलाच तापला होता. हा दगड एकदा वाहत होता, या कल्पनेनं माझ्या अंगावर काटा आला.

तिथेच मला ती दिसली. रस्त्यासाठी डोंगर कापलेला, आणि दोन काळ्या थरांच्या मधोमध हातभर रुंदीची तांबडी रेघ. लाव्ह्याचा एक पूर येऊन गेल्यावर ज्वालामुखी फार मोठा काळ स्वस्थ राहिला. तेवढ्या काळात खडकाची माती झाली, तिच्यावर पाऊस पडला, कदाचित काही उगवलंही असेल. मग पुढचा पूर आला आणि ती माती भाजून तांबडी झाली. दोन प्रलयांच्या मधली सवड माझ्या कमरेच्या उंचीवर होती. मी फोनवर तिचा फोटो काढला आणि माझे डोळे भरून आले. नीट पाहावं म्हणून पुढे झाले तर पाय घसरला आणि मी सपशेल चिखलात बसले. रेघेच्या अगदी वरून पाणी झिरपत होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. साडीचा काठ तांबडा झाला.

"लागलं का मॅडम? रडताय?" दिलीप धावत आला.

"दगड बघून रडतेय," मी म्हटलं. त्यानं हात देऊन मला उठवलं.

दुपारी तो मला घाटाखालच्या एका वाडीवर घेऊन गेला. तिथे त्याची बहीण सुमन राहते. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेलं सुकट होतं, पण घरात कुणाचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. वाडीचा झरा गेली काही वर्षं मार्चलाच आटतो. बायका दोन हंडे घेऊन ओढ्यापर्यंत उतरतात आणि चढून येतात. सुमनची एक खेप तासाची. म्हणून वाडीनं विहीर काढायला घेतली होती. पस्तीस फूट खाली गेले, पाणी नाही. आणि आता तळाला तांबडं लागलं होतं. कंप्रेसरवाला सुरुंगाची भोकं पाडायला आला होता.

आम्ही विहिरीवर गेलो. सगळी वाडी तिथेच. कंप्रेसरवाला सांगत होता, "तांबडं फोडा, दहा फूट आणखी जाऊ, खाली पाणी हायच." आंब्याच्या सावलीत, इतरांपासून थोडे दूर, सत्तरीचे एक गृहस्थ उकिडवे बसले होते. खालच्या बौद्धवाडीतले भिकाजीबाबा. जन्मभर विहिरी खणलेले. ही जागाही त्यांनीच दाखवली होती आणि आखणीही त्यांचीच.

"तांबडा फोडू नका," ते म्हणाले. "तो ताट हाय. ताटाला भोक पाडलात तर वाढनार कशात? आडवा बोर मारा, डोंगराच्या अंगाला."

"बाबांचं आता जुनं झालं," कुणीतरी म्हणालं आणि दोघेतिघे हसले.

सुमन माझ्याकडे वळली. "बाई, तुमी याच डोंगराचा शिकवलाव ना? तुमीच सांगा. फोडायचा काय?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. उत्तर माझ्या जिभेवर होतं. तांबड्याखाली बहुतेक वेळा मांजऱ्या असतो (बुडबुड्यांच्या भोकांचा खडक), आणि त्यात पाणी साठतं, हे मी कित्येक वर्गांना लिहून दिलं होतं. "फोडा" म्हणायला मी तोंड उघडलं आणि पदर सावरताना माझी नजर साडीच्या काठावर गेली. सकाळी पाणी तांबड्याच्या वरून झिरपत होतं. खालून नाही. ती रेघ पाणी अडवून धरत होती, आणि मी तिच्यासमोर रडून घेतलं, फोटो काढला, चिखलात बसले, तरी मला ते कळलं नव्हतं.

"बाबा बरोबर सांगतायत," मी म्हणाले. "मी चुकीचं सांगणार होते. हे बघा, घाटात तांबड्याच्या वरूनच पाणी येतं." मी फोनवरचा फोटो फिरवला. पुरुषमंडळींत बरीच कुजबुज झाली. शेवटी सुमनच कंप्रेसरवाल्याला म्हणाली, "दादा, आडवा मारा."

मशीन सुरू झालं आणि मला धडकी भरली. पाणी लागलं नाही तर? मी उद्या पुण्यात असणार, आणि या बायका ओढ्यावर. भिकाजीबाबा दोराला धरून स्वतः खाली उतरले, भिंतीवर हात फिरवला आणि तांबड्याच्या वीतभर वर बोट ठेवलं. मग वर येऊन ते पुन्हा आंब्याखाली बसले. पहिलं छिद्र कोरडं गेलं. दुसरंही. ऊन कलायला लागलं तरी कुणी घरी गेलं नाही. तिसऱ्याला आधी तांबडा गाळ आला, मग मशीनचा आवाज बदलला, आणि करंगळीएवढी धार सुटली. ती थांबली नाही. वर बायकांनी असा गलका केला की मला खाली काय बोलतायत ते ऐकूच येईना.

पाणी निवळल्यावर तांब्या भरून वर आला. सुमननं तो माझ्यापुढे धरला. मी भिकाजीबाबांकडे बोट दाखवलं. ती क्षणभर थबकली, मग आंब्याखाली गेली आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. हातावर ओतला नाही, हातात दिला.

ते सावकाश प्यायले. "माझ्या आज्यानं या डोंगरात लय हिरी खनल्या," ते मला म्हणाले. "पानी लागला का त्याला वर काढायचे. मंग हिरीला हात लावून द्यायचे नाय."

सुमन तिथेच उभी होती. मग बाबांनी उरलेला तांब्या माझ्यापुढे केला आणि मी त्याच तांब्यातून प्यायले. पाणी थंडगार होतं आणि त्याला मातीचा वास होता.

परतीच्या एसटीत मी, जाता आलं नाही म्हणून भाच्यानं पाठवलेला रियुनियनचा फोटो काढून पाहिला. समुद्रातून वर आलेला तो डोंगर, त्याच्या कुशीवरून उतरणारा लाल लाव्हा. अजूनही पाहताना छाती दडपते. साडेसहा कोटी वर्षं मी वर्गात सहज बोटांवर मोजायची. आज्यापासून नातवापर्यंत तांब्या यायला किती वेळ लागला, ते मोजायला मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. घरी आल्यावर मावसबहिणीचा फोन आला, साडीचा डाग गेला का म्हणून. मी सांगितलं, ती साडी मी धुतलेलीच नाही.